पुसलेला क्ष

शांतादेवींनी प्रियदर्शनीचा क्ष पुसला, आणि खोटं कशाला बोला, तो चांगला आला होता. पाटीच्या मधोमध, ठसठशीत, कुठं हात हललेला नाही. तरी बाईंचा हात ओल्या फडक्याकडं गेला.

‘‘पोट बारीक झालंय गं. पुन्हा काढ,’’ त्या म्हणाल्या. पोरीनं खडू उचलला.

एके काळी मंगळवार पेठेत मूल जरा चुरुचुरु बोलायला लागलं की आया म्हणायच्या, आता द्या बाईंच्या ताब्यात. बाईंच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. बाई मुलाच्या पाठीशी बसायच्या, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायच्या आणि अक्षर या हातातून त्या हातात उतरवायच्या. मग मूल एकटं गिरवायचं. मग पुसून आपल्या मनानं काढायचं. जमलं की बाई ‘‘बसलं बघ!’’ म्हणून अशा ओरडायच्या की पलीकडच्या गल्लीतला माणूस दचकावा.

आता मुलं सकाळी टाय लावून व्हॅनमध्ये बसतात आणि संध्याकाळी आणखी कुठल्या तरी क्लासला जातात. त्यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. पण यजमान गेले, लेक निपाणीला दिलेली, आणि बाईंना हाक मारायला घरात उरला तो कुकर. त्याची शिट्टी झाली की बाई ‘‘आले आले’’ म्हणायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या. असलं एकटेपण वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये बघा.

शिकायला येणारी आता ही एकच, प्रियदर्शनी. नाव एवढं लांब की पाटीवर मावू नये, म्हणून सगळ्यांची पियू. तिच्या आईनं, तेजस्वीनं, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ‘‘बाई, शाळेत सगळं इंग्लिश हाय. ज्ञपर्यंत तेवढं तुमी करून घ्या. मग ह्याच टायमाला राजारामपुरीत अबॅकसला घालतो तिला.’’

म्हणजे ज्ञ आला की पोर गेली.

ह या अक्षरापर्यंत गाडी झकास आली. पियू वाटीभर भडंग खायची, व्हॅनवाल्या मामांना कोण काय बोललं, कुणाचा दात पडला, सगळं सांगायची आणि सांगता सांगता अक्षर काढायची. ळपाशी बाईंच्या ध्यानात आलं की पुढं दोनच अक्षरं उरली. त्या दिवसापासून ळची गाठ कधी सैल पडायला लागली, कधी घट्ट. कसाबसा ळ संपला, तर क्षचं पोट बारीक निघालं.

हल्ली पियू बोलेनाशी झाली होती. भडंगाला हात लावायची नाही. बाईंना ते दिसत होतं. दिसत होतं आणि तरी त्या पुसत होत्या.

आज तेजस्वी न्यायला आली ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली. ‘‘बाई, उद्यापासनं न्हाय पाठवत हिला.’’

‘‘का गं? झालं काय?’’

‘‘काय व्हायचं राहिलंय? किती दिवस झाले, त्याच अक्षरावर हाय. शेजारचा राजवर्धन हिच्या मागनं घरीच शिकायला लागला, त्याचं सगळं लिहून झालं. ही आपली रडती. म्हणती, मम्मी, मी ढ हाय. आता डॉक्टरला दाखवावं म्हणतो, डोक्यात काय दोष हाय का ते.’’

पियू मान खाली घालून खडूची भुकटी बोटानं पुसत होती.

बाईंनी ओलं फडकं बाजूला ठेवलं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बाईंचं नाव शाबूत राहिलं असतं आणि पोर जन्माची ढ ठरली असती.

‘‘डॉक्टर नको,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिला येतंय सगळं. ळसुद्धा पहिल्याच दिवशी आला होता. मीच पुसत होते.’’

पियूनं मान वर केली. ‘‘माझा क्ष चांगला हुता?’’

‘‘झकास होता, बाळा.’’

‘‘मग का पुसलासा?’’

अक्षर आणखी सुंदर व्हावं म्हणून, असं सांगता आलं असतं. ते बाईंच्या जिभेवर आलंही होतं.

‘‘तू गेलीस की मला कुणी न्हाय गं,’’ त्या म्हणाल्या.

तेजस्वी भडकली. ‘‘आवो बाई, तोंड उघडून सांगायचं की! नुसतं म्हणाला असतासा तरी रोज पाठवली असती भडंग खायला. आता कुठल्या भरवशावर पाठवू?’’

सोबत अशी कुणाकडं मागता येते हेच बाईंना कधी सुचलं नव्हतं. आजवर लोकच त्यांच्या दारात मागायला आलेले.

पियू मात्र अनवाणीच गल्लीत पळाली होती. ‘‘आक्का, मी ढ न्हाय! बाईच म्हणाल्या!’’ एकेका शेजारणीच्या दारापुढं थांबून ती बोंबलत होती. माणसं बाहेर येऊन आधी तिच्याकडं बघत होती आणि मग बाईंच्या घराकडं. तेजस्वी पोरीच्या चपला उचलून तिच्या मागं निघाली.

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. लाज वाटत होती, आणि पोरीचा तो आवाज ऐकून बरंही वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलत होती, आणि प्रत्येक हाकेसरशी आणखी लांब जात होती.