धुतल्यावर जाणारं कोड

राजधानीतून, दुशान्बेहून, सिनेमावाले आले ते जर्दाळू वाळत घालायच्या दिवसांत. बेदक गावातलं एकेक छप्पर केशरी झालेलं, बायकांचे हात कोपरापर्यंत चिकट. पाहुण्यांनी यायला याहून वाईट वेळ नाही. तरी गावानं त्यांना उतरवून घेतलं, मेंढी कापली, शाळेच्या दोन खोल्या झाडून दिल्या. पाहुणचारात बेदक कुणाला हार जाणारं नाही. बाकी गोष्टींत ते कसं आहे, ते कळेलच.

सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा होता. एका गावात एक मुलगी, तिच्या अंगावर कोड. गाव तिला लांब ठेवतं, ती सोसते, आणि शेवटी गावाचे डोळे उघडतात. मालोहत नावाच्या पन्नाशीच्या दिग्दर्शिकेनं चहाखान्यासमोर उभं राहून ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, तेव्हा मोहशरीफ खोलानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. खोला म्हणजे मावशी. ती अख्ख्या गावाची खोला होती.

"कसलं दुष्ट गाव असेल बाई ते," ती म्हणाली.

तिच्या मागे पाच पावलांवर सदबर्ग उभी होती. पंधरा वर्षांची, बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतलेल्या. ती नऊ वर्षांची असताना तिच्या मनगटावर पहिला पांढरा डाग आला होता, मग बोटांवर, मग ओठांच्या कडेला. मोहशरीफ खोलाला ते माहीत नव्हतं असं नाही. दोन घरांमध्ये एकच भिंत होती.

बेदकमध्ये सदबर्गला कुणी वाकडा शब्द बोलत नसे, हे आधी सांगायला हवं. लग्नघरी बायका कणीक मळायला बसल्या की म्हणत, "तू बस गं, दमशील." तीन लग्नं ती अशीच बसून राहिली, मग जायची बंद झाली. सदबर्गच्या घरून शेजाऱ्यांकडे थाळीतून नान पाठवले तर थाळी परत येई, रिवाजाप्रमाणे भरून येई, वर आशीर्वादही येत. पण ते नान कुणी खात नसे. नान टाकणं पाप, तो पायाखाली येणं त्याहून मोठं पाप, म्हणून सदबर्गच्या हातचे नान गायीला जात. गायीला काही होत नाही म्हणे. भिंतीपलीकडून गायीचं चघळणं ऐकू येई, आणि सदबर्ग आपल्या अंगणात तंदूर पुसत बसे. बाप रशियात बांधकामावर होता, शुक्रवारी फोन करायचा. ती त्याला जर्दाळूबद्दल सांगायची.

सिनेमातली मुलगी होणार होती फरंगीस. दुशान्बेची, सोळा वर्षांची, दुधासारखी नितळ. तिच्या हातांवर कोड रंगवायचं तर समोर नमुना हवा. शाळामास्तरांनी घसा खाकरून सदबर्गचं नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंगभूषेवाली झेबो तिच्यासमोर बसली.

"दे हात."

सदबर्गनं बाही सारली. झेबोनं तिचा तळवा सरळ स्वतःच्या हातात घेतला, पालथा केला, बोट न् बोट उलगडून पाहिलं. आईखेरीज कुणी हात धरला त्याला सहा वर्षं झाली होती. सदबर्गला रडू येईल असं वाटलं म्हणून ती खिडकीकडे बघत राहिली.

"कडा बघितल्यास का?" झेबो मदतनीस पोरीला म्हणाली. "एकदम पांढरं नाही संपत. आधी गुलाबी, मग पांढरं. हे जमलं की निम्मं काम झालं."

रोज सकाळी तास-दीड तास हे चाले. चार दिवस सदबर्ग उड्या मारत शाळेत गेली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की झेबो तिच्या हाताला जपत होती ती शिंपीण मापाच्या सदऱ्याला जपते तशी. सारा जीव शेजारी बसलेल्या फरंगीसच्या हातात होता. संध्याकाळी फरंगीस पाटाच्या काठी बसून साबणानं हात धुवी, आणि कोड पाण्याबरोबर खाली वाहून जाई.

धुतल्यावर जाणारं कोड गावाला फार आवडलं. बायका फरंगीसचे रंगवलेले हात हातात घेऊन म्हणत, "अगदी खरं वाटतं गं." पोरं डागांवर बोटं फिरवत. मोहशरीफ खोला तर तिला स्वतःच्या हातानं तुती भरवी, आणि तिनं त्या रंगवलेल्या हातानं भरवलेली तुती आपणही खाई. गंमत झाली ती गावानं मुलीला झिडकारायच्या प्रसंगात. मोहशरीफ खोलानं मुलीच्या हातातलं भांडं बाजूला सारायचं, एवढंच काम. सात वेळा घेतलं, सातही वेळा खोला रडायला लागली.

"मला नाही जमणार, मालोहत आपा," ती म्हणाली. "लेकराच्या हातचं कसं लोटू? आपल्याला तसलं वागायची सवयच नाही."

कॅमेऱ्यामागं उभ्या सदबर्गनं हे सातही वेळा ऐकलं. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं.

मालोहतला मात्र काहीतरी दिसलं असावं. आठवड्यानं ती सदबर्गच्या अंगणात आली, सिगारेट विझवून तंदूरापाशी उकिडवी बसली आणि होसियतला, म्हणजे सदबर्गच्या आईला, म्हणाली, "शेवटच्या प्रसंगात सगळं गाव मुलीच्या हातचा नान खातं. तो नान तुमच्या पोरीनं भाजायचा. तंदूरावर तिचेच हात घेईन. आणि खातील तेही तिच्याच हातचं. मला खोटं चालत नाही."

"लोक खातील का, आपा?" होसियतनं हळूच विचारलं.

"न खाऊन काय करतील? मी सांगितलंय चहाखान्यात. सगळे म्हणाले, खुशाल."

सगळे खुशाल म्हणाले होते हे खरं. म्हणताना जो तो आपापल्या चहाच्या वाटीत बघत होता, तेवढं मालोहतला दिसलं नाही. ती शहरातली होती, आणि भली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला पुष्कळ दिसत नाही.

पण सदबर्गला त्या 'खुशाल'नं झोप लागेना. उरलेले अकरा दिवस तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चाळीस माणसं, आणि सगळ्यांत आधी मुरोद बोबो. बोबो म्हणजे आजोबा, गावातले सगळ्यांत वयस्क. दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, नान मोडायचा मान त्यांचा. त्यांनी मोडून तोंडात घातला की बाकीच्यांना थांबता येत नाही, मोडलेला नान नाकारायचा नसतो. एकदा, फक्त एकदा गावानं तिच्या हातचं खाल्लं आणि कुणाला काही झालं नाही, की मग पुढच्या लग्नात कुणी 'तू बस' म्हणणार नाही. हे तिनं मनाशी इतक्या वेळा म्हटलं, की ते तिला घडून गेल्यासारखं वाटायला लागलं.

"आई, दूध घालू का कणकेत? मऊ होतील."

"घाल," होसियत म्हणे, आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राही. त्या दिवसांत होसियतच जेवत नव्हती. सदबर्गच्या ते ध्यानात आलं नाही.

ठरलेल्या सकाळी सदबर्गनं बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. कॅमेरा तिच्या हातांवर आला. तिनं कणकेचा गोळा थापला, मधोमध खिळ्यांचा लाकडी ठसा मारला, तीळ पेरले, नान लावायच्या छोट्या गादीवर घेऊन कमरेपर्यंत तंदूरात वाकली आणि नान भिंतीला चिकटवला. प्रत्येक घराचा ठसा वेगळा. त्यांच्या ठशाचा एक खिळा कधीचा पडला होता, त्यामुळे फुलाला एक पाकळी कमी येई. चाळीस नान निघाले, एकही जळला नाही.

"हात बघा हिचे," मालोहत कॅमेरावाल्याला म्हणाली. "असे हात मी कुठून आणणार होते?"

आईनं नान कापडात बांधून शाळेत न्यायचं ठरलं, कारण झेबो सदबर्गला फरंगीसच्या शेवटच्या रंगासाठी बोलावत होती.

दुपारी शाळेसमोरच्या तुतीच्या झाडांखाली लांबलचक दस्तरखान पसरलं. फरंगीस रंगवलेल्या हातांनी नान मांडत गेली. सदबर्ग दिव्याच्या खांबापाशी उभी होती, तिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती. मुरोद बोबोंनी नान उचलला. बिस्मिल्ला म्हणून दोन तुकडे केले, चार केले, शेजाऱ्यांपुढे ठेवले, एक तोंडात घातला. ते चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी येत होतं. मग मास्तरांनी खाल्ला. मोहशरीफ खोलानं खाल्ला, पुन्हा दुसरा तुकडा घेतला. सगळे खात होते.

सदबर्ग खांबाला टेकली. इतका आनंद तिला आधी कधी झाला नव्हता, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं, तर तिनं खांबालाच घट्ट धरलं.

"झालं!" मालोहत ओरडली, आणि गाव उठून फरंगीसच्या गळ्यात पडलं. कुणी तिचं कपाळ चुंबलं, कुणी हात. फरंगीसही हुंदके देत होती. पोर चांगली होती, तिला घरची आठवण येत असे.

दस्तरखान तसंच पडलं होतं. कडेला एक तुकडा मातीत पडलेला सदबर्गला दिसला. नानचा तुकडा जमिनीवर दिसला की उचलायचा, कपाळाला लावायचा, उंच जागी ठेवायचा. हे शिकवावं लागत नाही. तिनं तो उचलला, कपाळाला लावला आणि खाली घेताना तिला त्यावरचा ठसा दिसला. चांदणी होती, सगळी टोकं शाबूत. मोहशरीफ खोलाच्या घरचा ठसा. तिनं दस्तरखानावरचे तुकडे पाहिले. सगळ्यांवर चांदण्या होत्या.

ती घरी गेली तेव्हा होसियत गोठ्यात होती. गवतावर तीच दोन गाठोडी होती, सकाळी बांधलेली. सदबर्गनं एक सोडलं. वीस नान, वीस अर्धवट फुलं.

"कुणी बदलले?"

होसियत सोडलेल्या गाठोड्याची गाठ पुन्हा बांधू लागली.

"मोहशरीफ खोलानं? तिनंच केलं असणार. तिनंच."

"तिला मी सांगितलं," होसियत म्हणाली. "पहाटे तिच्याकडं दुसरे भाजून घेतले."

"तू?"

"अगं, त्यांनी खाल्लं नसतं. चाळीस माणसं, सगळ्यांदेखत, त्या यंत्रासमोर. हातात धरून बसली असती, नाहीतर पदराखाली सारले असते. आणि तू तिथं उभी. मला नसतं बघवलं ते."

"कुणी म्हणालं होतं, खाणार नाही म्हणून?"

"कोण कशाला म्हणेल?"

"म्हणजे कुणीच म्हणालं नव्हतं."

"सहा वर्षं बघतेय ना मी," होसियत म्हणाली आणि रडायला लागली. "म्हणून मीच आधी सगळ्यांच्या कानावर घातलं, की निर्धास्त खा, पोरीच्या हातचं नाही. मास्तरांना सांगितलं. बोबोंना सांगितलं."

"बोबो काय म्हणाले?"

"काय म्हणणार."

"आई, काय म्हणाले ते सांग."

होसियतनं नाक पुसलं. "म्हणाले, मी विचारलं होतं का तुला?"

सदबर्ग गवतावर बसली. म्हणजे बोबोंनी तिच्या हातचं खाल्लंही असतं? "कसं म्हणाले? रागानं?"

"आठवत नाही गं. म्हणाले आणि पुढं गेले. म्हातारं माणूस."

"थांबून म्हणाले की चालता चालता?"

"मला नाही आठवत," होसियत म्हणाली. "मी घाईत होते, पुढच्याला सांगायचं होतं."

सदबर्गनं तिला तीन-चारदा परत परत विचारलं, आणि दर वेळी होसियत थोडं वेगळं सांगत गेली. आईवर ओरडावं असं सदबर्गला फार वाटलं. पण या अख्ख्या गावात तिच्यासाठी जीव टाकणारी ही एकच बाई होती, तिच्यावरही ओरडलं तर मग राहिलं कोण? तिनं आईचे डोळे आपल्या बाहीनं पुसले. मग गाठोड्यातला एक नान काढून रुमालात गुंडाळला आणि बाहेर पडली.

गल्लीच्या टोकाला मुरोद बोबो आपल्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसले होते. एकटेच. बाकी गाव सिनेमावाल्यांच्या गाडीत सामान भरत होतं, हसण्याचे आवाज येत होते. तीस पावलं चालून जायचं, रुमाल सोडायचा, नान पुढे करायचा. एवढंच. सदबर्ग भिंतीच्या सावलीत थांबली. ते घेतील आणि मोडून तोंडात घालतील. किंवा घेतील, दोन्ही हातांनी, आशीर्वाद देतील, आणि सुनेला हाक मारून म्हणतील, आत ठेव. त्यांच्याही गोठ्यात गाय होती.

बोबोंनी मान वर करून गल्लीत पाहिलं. त्यांना दिसत फारसं नव्हतं.

ती बराच वेळ उभी राहिली आणि तशीच मागे फिरली. विचारलं नव्हतं तोवर बेदकमध्ये तिच्या हातचं खाणारा एक माणूस होता, आणि तो तिला गमवायचा नव्हता.