जावईबापू गाडी मागे घेतात

यार्डातले निम्मे ड्रायव्हर मास्तरांच्या शिव्या खाऊन ट्रक शिकले होते. उरलेल्या निम्म्यांचं शिक्षण अपुरं राहिलं, असं सगळ्यांचं मत होतं.

मास्तरांचा नियम एकच. गाडी मागे घ्यायची तर आधी खाली उतरायचं, चालत मागे जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग वर चढायचं. नवीन माणसाला ते बंद गाडीत बसवत आणि स्वतः गाडीच्या मागे, बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहत.

"दिसतोय का मी?"

माणूस आरशात बघे. या आरशात बघे, त्या आरशात बघे. "नाही, मास्तर."

"मग मेलो मी. आता माझ्या घरी तू सांगायला जा, गाढवा!"

यापुढे मास्तर त्याच्या खानदानाकडे वळत. माणूस जन्मभर उतरून बघत असे.

मग मास्तरांचा जावई शिकायला आला. त्याचं दुकान बुडालं होतं आणि बरेच महिने तो घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुलीला सातवा लागलेला. ती म्हणाली, "बाबा, त्यांना नोकरी लागायलाच हवी. आणि तिकडे त्यांच्यावर ओरडू नका हं. आता कुठे चार शब्द बोलायला लागलेत."

मास्तरांनी कबूल केलं. तसंही खानदानावर यायची सोय उरली नव्हती. त्या खानदानात आता त्यांची मुलगी होती.

"जावईबापू, जरा खाली उतरून बघता का?" पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले. यार्डातल्या लोकांनी कामं थांबवली. मास्तरांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

जावई उतरणार, एवढ्यात भोंगा धावत आला. भोंगा म्हणजे मास्तरांचा सगळ्यात जुना शिष्य. आवाजावरून ते नाव पडलं होतं. "बसा हो दाजी! आम्ही मेलोय का? मी बघतो मागे. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!"

गाडी सुरेख लागली. दुसऱ्या दिवशी मागे बघायला दोघे होते. आठवडा संपेपर्यंत, दाजी आले की बाकीचे आपापल्या गाड्या हलवून अर्धं यार्ड मोकळं करू लागले. मास्तरांच्या घरचा माणूस, एवढा मान द्यायलाच हवा. जावयाचा चेहरा उजळला. घरी तो बायकोला म्हणाला, "उगाच घाबरत होतो. बाबा म्हणतात तेवढं अवघड नसतं ते."

परीक्षा मुकादम घेणार होते. मास्तर आदल्या दिवशीच त्यांच्याकडे गेले. "साहेब, माणूस तयार नाही. अजून एकदाही एकट्याने गाडी मागे घेतलेली नाही."

मुकादमांचे डोळे भरून आले. "घरच्या माणसाला इतकी कडक फूटपट्टी! हा तुमचा मोठेपणा, मास्तर."

"मोठेपणा नाही हो. तो कुणालातरी चिरडेल."

"बघा, बघा!" मुकादम कारकुनाला म्हणाले. "शिका जरा."

परीक्षा झालीच नाही. मास्तरांच्या माणसाची परीक्षा घेणं हा मास्तरांचा अपमान झाला असता. त्याला थेट लांबची फेरी मिळाली. मुलीने फोनवर रडत रडत बाबांचे आभार मानले. त्यानंतर मास्तरांनी मुकादमांकडे जाऊन एकच मागणं केलं: शिकवणं बंद, मला त्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून द्या.

"माया असावी तर अशी," म्हणत मुकादमांनी मंजुरी दिली.

पोचले ते यार्ड परकं होतं. दाजी कोण, मास्तर कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी गाडी हलवली नाही. जागा चिंचोळी. तिच्या टोकाला भिंतीच्या कडेने हमाल रिकाम्या खोक्यांवर बसून जेवत होते, ट्रककडे पाठ करून. रांगेत खोळंबलेल्या गाड्या हॉर्नवर हात ठेवून बसल्या होत्या. जावयाने गिअर टाकला आणि थांबला. सवयीने.

"बाबा, कुणी येत नाही का मागे बघायला?"

"तुम्हीच उतरा ना, जावईबापू. एकदाच."

"रांगेतले बोंबलतायत हो. बाबा, प्लीज. तुम्हीच जा."

मास्तर खाली उतरले. त्यांनी हमालांना हाका मारल्या. हॉर्नपुढे त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. जवळ जाऊन उठवावं तर तेवढ्यात गाडी सुटायची; बाजूला उभं राहावं तर हमाल उघडे पडत होते. शेवटी ते गाडी आणि हमाल यांच्या मधे, बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहिले. ही जागा त्यांच्याइतकी चांगली कुणालाच माहीत नव्हती.

"जावईबापू!" ते पूर्ण ताकदीने ओरडले. "दिसतोय का मी?"

वरून, सासऱ्याला वाईट वाटू नये अशा आवाजात, लगेच उत्तर आलं.

"दिसताय की, बाबा! अगदी स्पष्ट!"

आणि गाडी मागे येऊ लागली.