टेंभवलीची स्थळपाहणी

पिंपात भिजत घातलेला चुना बराच वेळ खदखदत राहतो. त्यात बोट घालू नये.

कायद्याच्या भाषेत साधा दगड हे गौण खनिज आहे.

चिमीला सातवा महिना लागला आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आली.

बाळाजीराव वकिलांना डॉक्टरांनी भात बंद केला होता.

परकर शिवणाऱ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर काळा कोट टांगायला जागा नसते. तो अंगावरच ठेवावा लागतो.

बबन मुकादमाला आपल्या सुरुंगाच्या आवाजाचा अभिमान होता.

आता हे सगळं एका जागी आणायचं. जागा टेंभवली. बदलापूर पूर्वेला शिरगाव ओलांडलं की डोंगराच्या पायाशी चिकटलेली एक आळी. साल १९८८, होळी नुकतीच होऊन गेलेली.

पोटमाळा अंजनाचा. अंजना वकील, उल्हासनगर कॅम्प दोन. वडील शंकरराव अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलीने कोट घातला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले आणि मग तिला विचारलं की वकील नेमकं करतात काय. ती भाडेकरूंचे दावे करत होती. खाली मशिनी सुरू झाल्या की वर टेबल थरथरायचं आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिरका व्हायचा. रोज सकाळी आधी ती फोटो सरळ करायची, मग कामाला लागायची.

तिथे टेंभवलीची ठमाबाई जिना चढून आली. मागे मुलगा जनू.

"वकीलबाय," ठमाबाई खुर्चीत न बसता जमिनीवर टेकली, "डोंगरान खदान चालू झाली. सुरुंग लागला का मडकी नाचतान. मागली भित फाकलीय. माजी चिमी तिच्याच बुडाशी निजते."

"दुसऱ्या खोलीत निजवा ना तिला."

"दुसरी खोली म्हंजे गोठा. बाळंतीण गोठ्यान निजवू?"

जनू म्हणाला, "मॅडम, सीधी बात हाय. चिमीताईचं होईपर्यंत तरी बार बंद पायजे."

"खाण कुणाची?"

जनूने पायाखालच्या फळीकडे बोट दाखवलं. खालून मशिनींचा आवाज येत होता.

खाण झमटमल शेठची होती. खालचं दुकानही झमटमल शेठचं, आणि हा पोटमाळाही. म्हणजे अंजनाने आपल्याच घरमालकावर दावा लावायचा होता. तिने संध्याकाळी जिन्यातच त्यांना सांगून टाकलं, उगीच तिसऱ्याकडून कळायला नको.

शेठ जराही चिडले नाहीत. "बेटी, दावा तो लगेगाच. तू नाही लावला तर दुसरा लावेल. साईं, खदान को क्या लगता है? डोंगर, बारूद और वकील. डोंगर संपतो, बारूद उडून जाते, वकील बैठा रहता है. चाय पिएगी?"

ती चहा प्यायली.

पुढची अडचण अशी की अंजनाने खाणीचा दावा कधी पाहिलाही नव्हता. गौण खनिजाच्या नियमांचं पुस्तक उल्हासनगरात एकाच माणसाकडे होतं: शेठचे वकील लोकूमल. ती त्यांच्याकडे गेली आणि पुस्तक मागितलं.

"माझ्याच विरुद्ध लढायला?" लोकूमलनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो सर."

"घेऊन जा. पन्ना मत मोडना. आणि मॅडम, चाळिसाव्या पानानंतर काही कामाचं नाही, मी वाचलेलं नाही."

लोकूमल खाणींचे मोठे वकील. परवाना, नूतनीकरण, वाहतुकीचे पास, तहसीलदाराची नोटीस, नोटिशीला उत्तर, उत्तराला मुदतवाढ. डोंगर फोडायला जेवढी माणसं लागत त्याहून जास्त कागद ते पुढे ढकलत. मात्र एवढ्या वर्षांत ते खाणीत एकदाही उतरले नव्हते.

हरकत. लोकूमल म्हणतात, मी एकदा गाडीतून पाहिली होती.

नोंदवली. पुढे.

लोकूमलनी कल्याणच्या कोर्टात कैफियत दिली. वादीचं घर जुनं आहे. भिंतीला तडे असलेच तर ते घुशींमुळे. मडकी नाचतात असं म्हणणं असेल तर वादीच्या घरी मांजर आहे काय, याचा वादीने खुलासा करावा. प्रतिवादीचा सुरुंग इतका सौम्य असतो की शेजारचं चरणारं जनावर मान वर करत नाही.

न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले, डोळे चोळले आणि कमिशनर नेमला. कमिशनरने टेंभवलीला जावं, भिंत बघावी, मग आपल्या समक्ष नेहमीसारखा सुरुंग लावायला सांगावा, पुन्हा भिंत बघावी आणि जे दिसेल ते लिहावं. कमिशनर म्हणून बाळाजीराव. म्हातारे, सरळ, आणि डॉक्टरांनी भात तोडल्यापासून थोडे उदास.

अंजना स्वतः टेंभवलीला जाऊन सांगून आली. अगदी उघड शब्दांत. "शनिवारी कोर्टाचे साहेब येणार. त्यांना भेगा दाखवायच्या. आपला सगळा दावा त्या भेगांवर उभा आहे. कळलं?"

"कलला की," ठमाबाई म्हणाली.

तिला खरंच कळलं होतं. घोटाळा न कळण्यात नव्हता.

शनिवारी जीप आळीत शिरली आणि अंजनाला वाटलं आपण चुकून लग्नघरी आलो. घरं पांढरीशुभ्र. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचा डहाळा, आणि ठमाबाईच्या ओसरीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला, हळदीला लिहितात तसा. ठमाबाई नवं लुगडं नेसून उभी. हातात पाण्याचा तांब्या.

लोकूमल जीपमधून उतरले आणि क्षणभर त्यांचा विश्वास बसला नाही. मग ते हळू म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझं काम फार सोपं करता."

अंजना धावतच मागच्या खोलीत गेली. भिंत दुधासारखी. जिथे जनूने तिला बोट घालून दाखवलं होतं तिथे आता बोट घसरत होतं. चिमी कडेला बसून तांदूळ निवडत होती. तिच्या हाताला चुना लागलेला.

"ठमाबाई, हे काय केलंत?"

"शेणमाती भरली आन वर चुना मारला. जनू दोन दिस कामाला नाय गेला."

"अहो, भेगा दाखवायच्या होत्या."

"ठाव हाय ना मना. पन साहेब घरान पाय ठेवनार, आन भित अशी तोंड वासून? लोक काय बोलतील? हरचंद्राची बायको पाव्हन्याला फाटक्या घरान बसवते?"

"मग साहेब बघणार काय?"

"मी सांगन ना तोंडान. हितून हितपर्यंत फाकली होती, असा सांगन. साहेब काय माजा शबुद नाय घेनार?"

चिमी मान खाली घालून म्हणाली, "मी बोलले तिला. ती बोलली तू गप र्‍हा, तुजं पोट दुखंल."

बाळाजीराव आत आले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग कागदावर लिहू लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत राहिले, कारण त्यांना तशी सवय होती.

"मागील भिंत. सुस्थितीत. तडा दिसून आला नाही. रंग पांढरा."

लोकूमल म्हणाले, "शुभ्र लिहा, साहेब."

"शुभ्र," बाळाजीराव म्हणाले.

अंजनाने कोट काढून हातावर घेतला. दावा संपला होता. सोमवारी तिला ठमाबाईला समजावावं लागणार होतं की तुमची लेक याच भिंतीशी निजणार, वर डोंगरात बारही उडत राहणार, आणि हे सगळं कोर्टाने मान्य केलं आहे, कारण तुमचं घर फार छान दिसत होतं.

सुरुंगाची वेळ झाली होती, पण ठमाबाई दारात आडवी उभी राहिली. जेवल्याशिवाय पाव्हना आळीतून जात नसतो.

बाळाजीराव म्हणाले, "बाई, मी कमिशनर आहे. एका बाजूचं अन्न मला चालत नाही."

"दोनी बाजूंना वाढते की. तो मुकादम पन बसलाय."

खरंच, ओसरीच्या कोपऱ्यात बबन मुकादम मांडी घालून बसला होता, बाजूला लाल बावटा घडी करून ठेवलेला. खाण आणि आळी यांचा कोर्टात दावा होता, जेवणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

हरकत. लोकूमलनी जेवणास हरकत घेतली. बाळाजीरावांनी ती लिहून घेतली, खाली सही केली, आणि पाट पुढे ओढला. कोंबडीचा रस्सा आला, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, सुकट आली. डॉक्टरांनी भात बंद केला होता, भाकरीविषयी ते काही बोलले नव्हते. लोकूमल थोडा वेळ उभे राहिले. मग आपले सर्व हक्क अबाधित ठेवून तेही बसले, आणि हक्क अबाधित ठेवूनच त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झालं. बाळाजीरावांना सुस्ती आली. ते मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "इथूनच बघतो. लावा म्हणावं."

मुकादम बावटा घेऊन वर गेला.

आता इथे खाणीच्या बाजूचं सांगायला हवं. लोकूमलनी शेठना बजावलं होतं आणि शेठनी मुकादमाला, की शनिवारी बार हलका लाव, चिमूटभर. मुकादमाने मान डोलावली होती. पण हा माणूस वीस खाणी फोडून आलेला. त्याच्या हाताखालची पोरं गावोगाव सांगायची की बबनचा बार म्हणजे बार. आणि आज कल्याणहून कोर्टाचा साहेब त्याचा बार बघायला आला होता, शेजारी शेठचा वकील, सगळी आळी ओसरीवर. एवढं जेवूनखाऊन लोकांसमोर फुसका बार काढायचा? शेठला काय, तो दुकानात बसतो.

शिट्टी वाजली. बावटा हलला.

आवाज आधी पायांतून आला, मग कानांतून. मडकी नाचली. मांजर होतं, ते गोठ्याच्या छपरावर गेलं. आणि मागच्या भिंतीचा चुना, ओला तो ओलाच, खालच्या शेणमातीसकट एका तुकड्यात सुटला आणि कमिशनरच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवरच्या अहवालावर येऊन बसला.

बाळाजीराव पांढरे झाले होते. शुभ्र.

त्यांनी आधी चष्मा पुसला. मग वळून भिंत पाहिली. वरच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत भेग, तिला फुटलेल्या फांद्या. त्यांनी खिशातलं पेन काढून भेगेत घातलं. पेन आत गेलं आणि परत आलं नाही. मग त्यांनी अंजनाचं पेन मागून घेतलं आणि लिहिलं.

"सुरुंगानंतर. तीच भिंत. तडा दिसून आला."

"हरकत," लोकूमल म्हणाले, पण त्यांना खोकला आला.

पुढच्या तारखेला लोकूमलनी ठमाबाईला उलटतपासणीत उभं केलं. त्यातला भाग असा आहे.

— बाई, या भेगा आधीपासून होत्या की नाही?

— व्हत्या की. म्हनून तं दावा लावला.

— म्हणजे तुम्ही त्या झाकल्या?

— झाकल्या. पाव्हना येनार होता.

— मग कमिशनरसाहेबांनी आधी लिहिलं की तडा नाही, ते खोटं?

— खोटा कसा? त्यांनी बघितला तवा नव्हता.

— आणि नंतर होता?

— नंतर तुमच्या बारान पुन्हा उघडा केला. मी झाकायचा, तुमी उघडायचा. किती टाइम झाकू मी?

— साहेब, म्हणजे भेगा जुन्या आहेत, हे सिद्ध झालं.

इथे अंजना उठली. "साहेब, जुन्याच आहेत. खाण सुरू झाल्यापासूनच्या. माझे विद्वान मित्र इतके दिवस घुशींना दोष देत होते. आज ते स्वतःच सुरुंगावर आले, त्याबद्दल मी आभारी आहे."

बाळाजीरावांना विचारलं गेलं की सुरुंग सौम्य होता का. ते म्हणाले, अजून कानातून चुना निघतो.

मनाई हुकूम मिळाला. आळीच्या बाजूला सुरुंग लावायचा नाही, दावा निकाली निघेपर्यंत. आणि असा दावा निकाली निघायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात चिमीची चार बाळंतपणं सहज बसली असती.

बबन मुकादमाला शेठनी काढलं नाही. चार शिव्या दिल्या आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाठवलं.

मेमध्ये एका सकाळी झमटमल शेठ स्वतः जिना चढून वर आले. धापा टाकत खुर्चीत बसले. तिरका फोटो त्यांनीच उठून सरळ केला.

"बेटी, आता पलीकडून फोडतो. तिकडे पण एक पाडा आहे. वो लोग भी दावा लगाएंगे. लोकूमल बूढ़ा हो गया. तू मेरी वकील बन."

"नाही जमणार, शेठ."

"क्यों? घरमालक हूं तेरा."

"पाड्यावरची माणसं काल येऊन गेली. वकीलपत्रावर अंगठे झालेत."

शेठ जिन्याकडे निघाले. "उनको बोल," ते वळून म्हणाले, "चुना मत लगाना."

"सांगितलं. ते म्हणाले, एवढं मात्र जमणार नाही, घरात साहेब येणार."

त्याच आठवड्यात चिमीला मुलगी झाली, मागच्या खोलीत, भिंतीच्या बुडाशी. अंजना बाळाला बघायला गेली तेव्हा ठमाबाईने तिला त्याच भिंतीला टेकून बसवलं आणि पुन्हा जेवल्याशिवाय सोडलं नाही. भेग तशीच होती. तिच्यात बाळाजीरावांचं पेनही तसंच होतं. कोर्टात नोंद झालेली वस्तू म्हणून कोणी काढलं नव्हतं.

ती भिंत ठमाबाईच्या नवऱ्याने, हरिचंद्रने, १९६१ साली बांधली, आणि तिचा सगळा दगड त्याने त्याच डोंगरातून, कसलाही परवाना न घेता, फोडून आणला होता.