माझी शेवटची आठ पाने

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. मित्रांनो, माझी शेवटची आठ पाने आता नाहीत, म्हणून माझी गोष्ट आधीच सांगते. मनोहरराव एक कपाट कुलूप लावून ठेवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात बाळगतो. त्याची बायको शामला ते चोरून उघडू पाहते.

१९५३ साली भागीरथाने मला सीताबर्डीच्या रद्दीतून आणले. तिचा नवरा नत्थूजी गोळीबार चौकाजवळ मागावर लुगडी विणायचा. त्याला वाचता येत नव्हते. ती चौथी शिकलेली. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरता भरता ती मला मोठ्याने वाचायची. पण पहिल्याच दिवशी वाचताना तिने किल्ली शामलेच्या कमरेला खोचली! असे माझ्यात कुठेही नाही. मी चडफडले, पण बोलू कशी?

नत्थूजी मात्र रंगून गेला.

"आता शामला काय करते वं?"

"आपल्या पोरीचं, अनुसयाचं नाव शाळेत घाला, मंग सांगीन."

"अन् कांड्या कोन भरन? तुह्यी माय?"

"मीच भरीन. आजवर कोन भरून राहिलं?"

तिने मला मिटले. तीन दिवस वाचन बंद. शामलेच्या विचारात नत्थूजी काठाचा धोटा टाकायचाच विसरला आणि हातभर काठाचे धागे विणल्यावाचून सुटे लोंबले.

"तुह्या शामलेनं माहं लुगडं नासवलं!" असे ओरडून त्याने माझी शेवटची आठ पाने टरकावली आणि तो तडक गोपाळराव शिंप्याकडे गेला.

गोपाळरावांनी वाचले. शामला पाया पडते, मनोहरराव खिशातून किल्ली काढतो.

"किल्ली तं बाईपाशी हाये ना गा!"

"इथं तं नवऱ्याच्या खिशात लिवली हाये, नत्थूजी."

पाने तिथेच राहिली. गोपाळरावांनी त्यांवर गळ्याचे माप कापले.

नत्थूजी घरी येऊन कडाडला, "खोटं वाचून राहिली काय वं तू?"

"मंग तुमीच वाचून पाहा ना!"

सकाळी अनुसयाचा हात धरून शाळेकडे निघताना तो भागीरथाला म्हणाला, "घरात खरं वाचनारं एक मानूस पाह्यजे. तुह्यावर भरवसा नाई." भागीरथा तोंड फिरवून हसली. कबूल केल्याप्रमाणे त्या दिवशी तिने शेवट सांगितला. शामला किल्ली देत नाही. मनोहररावालाच ती मागावी लागते. खरे माहीत असूनही नत्थूजीने तिला अडवले नाही.

१९५८ साली भागीरथा तापाने गेली. पुढे अनुसयाने मला वाचायला घेतले. फाटलेल्या आठ पानांपाशी येऊन ती थांबली.

"बाबा, शेवट काय हाये याचा?"

नत्थूजीने माग थांबवला. मग म्हणाला, "शेवटी किल्ली शामलेपाशीच राह्यते. तो मांगते. असंच लिवलं होतं, बाई."

मी आतल्या आत ओरडले, नाही, तसे नाही! पण कोण ऐकणार?

मित्रांनो, पुस्तकाची पाने फाडू नका. एकदा पान गेले की आमचा शेवट तुमच्या घरातली माणसे ठरवतात, आणि आम्हाला तो मुकाट ऐकून घ्यावा लागतो.