हेडखालची जागा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं मन काही फार मोठं नाही. मी तांब्याची एक पातळ, जुनी चकती आहे. गॅरेजमध्ये मला हेड गॅस्केट म्हणतात. मधोमध एक मोठं गोल भोक आणि कडेला चार लहान भोकं, एवढंच माझं रूप. सध्या मी कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर एका खिळ्याला लटकले आहे आणि दिवसभर दुसऱ्यांचं चांगलं झालेलं बघत असते. त्याचा त्रास किती होतो, हे ज्याला जागेवरून उठवलंय त्यालाच कळेल.

माझी जागा कुठे होती ते सांगते. मोटरसायकलच्या इंजिनात खाली सिलिंडर असतो, त्यात पिस्टन वरखाली पळतो. त्यावर झाकणासारखं हेड बसतं. त्या दोघांच्या मध्ये मी. आत मिनिटाला हजार-दोन हजार भडके उडतात आणि त्यातली एक फुंकरही बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. काम नीट केलं तर कुणाला माझी आठवणही येत नाही. चुकलं की मात्र सगळे माझ्याच नावाने खडे फोडतात.

माझा जन्म याच टेबलावर झाला. एका नर्सबाईंची मोटरसायकल होती. त्या तिच्यावरून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरोघरी जायच्या. गाडी तेव्हाच म्हातारी झालेली, तिचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झालेले. मग इथल्या मिस्त्रींनी तांब्याचा पत्रा आणला, कात्रीने कापला, भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या. मला चिमट्यात धरून ज्योतीवर लालभडक केलं आणि बादलीत सोडलं. चर्र झालं. तुम्हाला वाटेल, अशाने धातू कडक होत असेल. तांब्याचं उलटं असतं, ते मऊ होतं, आणि मऊ झालं की हेडच्या बारीकसारीक ओरखड्यांत सुद्धा नीट जाऊन बसतं.

काय दिवस होते ते! वरून चार नट आवळले की मला जगाची काळजी नसायची. दर काही वर्षांनी हेड उघडायचे, मला बाहेर काढून पुसायचे, पुन्हा ज्योत, पुन्हा बादली, आणि मी नव्यासारखी जागेवर. एकदा सिलिंडर आतून झिजला. मिस्त्रींनी तो लेथवर नेऊन आतून कातून मोठा करून आणला आणि त्यात मोठा पिस्टन घातला. आता माझं भोक लहान पडायला लागलं. दुसरा कुणी असता तर त्याने मला भंगारात फेकलं असतं. मिस्त्री कानस घेऊन बसले आणि दुपारभर घासून त्यांनी माझं भोक मिलिमीटरभर मोठं केलं. मला उजेडात धरून म्हणाले, "माझ्या पोरीपेक्षा ही जास्त ऐकते."

मी अशी फुगले म्हणून सांगू! त्यांची मुलगी तेव्हा दारातच उभी होती, हे मी पाहिलं होतं. तिने हातातला डबा टेबलावर आपटला आणि निघून गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं. मग बरेच दिवस बापलेकींचं बोलणं बंद होतं.

पुढे मिस्त्रींचे हात थरथरायला लागले आणि गॅरेज त्याच मुलीकडे आलं. मिस्त्री दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मुलगी कामाला चोख आहे, खोटं कशाला बोलू. पण तिचा माझ्यावर डूख होता, हेही खरं. एक दिवस नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, चढावर गाडी दम टाकते, हेडजवळून फुस्स फुस्स आवाज येतो. मुलीने हेड उघडलं, माझ्यावरचा काजळीचा डाग पाहिला आणि मला उचलून या खिळ्याला अडकवलं. ना ज्योत, ना बादली. बाबांची ही खोगीरभरती आता पुरे झाली, असं ती नर्सबाईंना हसत म्हणाली.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत माझ्या जागेसाठी स्थळं बघणं सुरू झालं!

तीन जणी आल्या, तिघी कोऱ्या पाकिटांतून. पहिली पोलादाच्या तीन पातळ पापुद्र्यांची, चकचकीत, तोऱ्याची. तिला बसायला आरशासारखी गुळगुळीत जागा लागते. मुलीने हेडवरून नख फिरवलं, नख अडलं, तिने तिला पाकिटात परत घातलं. मला हसू आलं. दुसरी माझ्याच जातीची, तांब्याची, पण चांगली जाडजूड. ती घातली तर हेड वर उचललं जाणार आणि इंजिनाचा जोर कमी होणार. तीही गेली. तिसरी काळी, मऊ, मधल्या भोकाला पोलादी कडं मिरवणारी. पाकिटावर गाडीच्या मॉडेलचा नंबर छापलेला. इतक्या जुन्या गाडीचे भाग पुन्हा कधी, कुणी बनवायला घेतले कोण जाणे. मुलीने ती सिलिंडरवर ठेवली. चारी लहान भोकं चारी बोल्टांवर बरोब्बर उतरली. मुलीचा चेहरा खुलला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात मला दिसलं. तिचं मधलं भोक लहान होतं. कंपनीने पहिल्या पिस्टनच्या मापाने केलेलं, आमचा सिलिंडर तर केव्हाच मोठा झालेला. तिचं ते मिरवायचं कडं चोहोबाजूंनी आत डोकावत होतं. भडक्याच्या तोंडी जाऊन ते जळणार, हे मला खिळ्यावरून समजत होतं.

दाराशी बसलेल्या मिस्त्रींनी विचारलं, "जुनी वर ठेवून पाहिलीस का?"

"नंबर बघून मागवलंय, बाबा," मुलगी म्हणाली. मिस्त्रींनी खुर्ची रस्त्याकडे वळवली.

मित्रांनो, मला तोंड नाही. पण तुमच्यापासून लपवत नाही, तोंड असतं तरी त्या दिवशी मी ते उघडलं नसतं.

मुलीने हेड बसवलं, नट क्रमाने आवळले, गाडी चालू केली. आवाज छान आला. दुसऱ्या दिवसापासून नर्सबाई रोज सकाळी गॅरेजसमोरून जायच्या आणि जाताना हात करायच्या. आवाज नाक्यावर वळेपर्यंत मी ऐकायची आणि जळायची. माझ्या जागेवर ती काळी बसलीय, माझी ऊब खातेय, आणि मी इथे धूळ खातेय! कधी एकदा तिचे बारा वाजतायत, याची मी वाट बघत होते.

नवव्या दिवशी संध्याकाळी गाडी आली ती ढकलत. नर्सबाई घामाने भिजलेल्या. हेड उघडल्यावर ती काळी बाहेर आली, कडं जळून वितळलेलं, एका बाजूने पार फाटलेली. मला आनंद झाला. इतका झाला की खिळा निसटतो की काय असं वाटलं.

मग नर्सबाई स्टुलावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की चढावरच गाडी बंद पडली. वरच्या घरातल्या आजींना सकाळी इंजेक्शन लागतं. त्या दोन तास दार उघडं ठेवून बसल्या होत्या. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत, पण तिथे पोचल्या तेव्हा कुणाला ओळखत नव्हत्या.

माझा आनंद तिथल्या तिथे आंबला. त्या आजींशी माझं काय वैर होतं?

मुलीने मला खिळ्यावरून काढलं आणि सिलिंडरवर ठेवलं. माझं भोक तंतोतंत बसलं. ती बराच वेळ माझ्या आतल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिथे कानशीच्या खुणा आहेत.

"हे तुम्ही घासलंत?" तिने विचारलं.

"सिलिंडर मोठा केला तेव्हा," मिस्त्री म्हणाले.

"मला सांगितलं नाहीत."

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी."

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही हिला माझ्यापेक्षा चांगली म्हणाला होतात, बाबा."

मिस्त्रींना आठवायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "तुझ्यासारखी उलट बोलत नव्हती ती, एवढंच. पण उलट बोलणारं माणूस घरात लागतं, हे मला उशिरा कळलं."

मला वाटलं, आता ज्योत पेटणार. आता माझी बादली, माझी जागा! मुलीने मला उजेडात धरलं. मोठ्या भोकापासून एका लहान भोकापर्यंत केसासारखी एक चीर गेली होती. फुस्स आवाज तिथून येत होता. म्हणजे मित्रांनो, आजारी मीच होते. त्या काळीने माझी जागा हिरावली नव्हती, जागा माझ्याच हातून गेली होती.

मुलीने माझ्याच जाडीचा तांब्याचा पत्रा आणला आणि मला त्यावर ठेवलं. मिस्त्री उठून आले, त्यांनी दोन्ही तळवे माझ्यावर दाबले आणि मुलगी सुईसारख्या टोकदार सळईने माझ्या कडेकडेने रेघ ओढू लागली. ते हात थरथरत होते, म्हणून रेघ एके ठिकाणी वाकडी गेली. मुलगी त्यांना हात काढा म्हणाली नाही. पुढे तिने तो वाकडेपणा कानशीने घासून काढला. खालची ती कोरी, तुकतुकीत पोर माझ्या अंगाखाली आकार घेत होती आणि मला सोसवत नव्हतं. ज्योत तिला मिळाली. बादलीही तिलाच.

आता रोज सकाळी नर्सबाईंची गाडी जाते आणि चढावरही दम टाकत नाही. मला अजून हेवा वाटतो. वाटत नाही असं म्हणाले तर तुम्ही ऐकाल, पण ते खोटं होईल.

एवढं मात्र सांगते. नवं जरूर आणा, पण जुनं फेकण्याआधी ते एकदा नव्यावर ठेवून बघा. वर्षानुवर्षं काय काय बदलत गेलं, ते पाकिटावर छापलेलं नसतं, जुन्याच्या अंगावर असतं. आणि कुणाचं कौतुक करताना दारात कोण उभं आहे, तेही बघा.

मुलीने मला पुसून परत खिळ्याला लावलं आणि भिंतीवर खडूने लिहिलं, 'माप. टाकू नये.' खडू पुसट झाला की ती पुन्हा गिरवते. त्या नवीवर कुणी काही लिहिलेलं नाही, हे मी नीट पाहून ठेवलंय.