टोचणारी तार

मित्रांनो, मला भित्रा म्हणा हवं तर. मी तलवारबाजीचा एक जुना मास्क आहे. तलवारीच्या तोंडी पहिला मीच जातो, मग भिऊ नको तर काय करू?

कारखान्यात बारीक पोलादी तारा विणून माझी जाळी घडवली, आत मऊ अस्तर बसवलं. दुकानातून एका मुलीने मला उचललं, आणि पुढे ती मोठी विजेती झाली. तिच्या तोंडावर येणारे वार मी झेलायचो. जिंकली की ती माझा मुका घ्यायची आणि घामाने निथळणाऱ्या मला तसाच पिशवीत कोंबायची. लाड उदंड, काळजी मात्र शून्य! त्या ओलीने माझ्या तारा गंजल्या. डाव्या डोळ्यासमोरची एक तुटलीसुद्धा.

मी ओरडणार कसा? तुटलेलं टोक तिच्या भुवईला टोचू लागलं, तेवढीच काय ती माझी वाचा. तर या बाईने आतून चिकटपट्टी लावली! "लकी आहे माझा," म्हणाली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. समोरची तलवार डावीकडे वळली की वाटायचं, संपलं, आता पोरीचा डोळा जातोय.

मग धाकट्या बहिणीचा पहिला सामना आला. विजेतीने मला तिच्या हातात दिलं. "हा घाल. यात मी कधी हरले नाही." धाकटी थरथरत होती, आणि तिच्याहून जास्त मी.

तपासणीच्या टेबलावर एक काका बसतात. ते स्प्रिंगचा टोच्या जाळीवर दाबतात. जाळी दबली की मास्क बाद. दाबा हो काका, मला नापास करा! पण काका नुसते हसले. "विजेतीचा मास्क! याला काय धाड भरलीय?" आणि मला परत दिलं.

धाकटीने मला डोक्यावर चढवलं. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी पट्टीतून टोचलो.

"ताई, डोळ्यापाशी टोचतंय गं."

"टोचू दे. मलाही टोचायचं. होते सव..."

ताई बोलता बोलता थांबली. धाकटीच्या भुवईवर रक्ताचा थेंब आला होता. स्वतःला टोचलं तेव्हा पट्टी पुरली. बहिणीला टोचलं तशी ताई पांढरीफटक पडली. तिने मला ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "काका, दाबा. डावीकडे. जोरात."

टोच्या मुठीपर्यंत आत गेला.

काकांनी मला तिथल्या तिथे बाद केलं.

आता मी सरावाच्या हॉलमध्ये दाराशी खिळ्यावर असतो. पोरं माझ्या भोकात बोट घालून बघतात. मित्रांनो, मास्क वापरला की वाळवा. जाळी अंगठ्याने दाबून पाहा. आणि टोचलं तर पट्टी लावू नका रे, का टोचतंय ते आधी बघा.

धाकटी त्या दिवशी उसन्या मास्कमध्ये खेळली आणि सपाटून हरली. ताईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. दोन्ही डोळ्यांनी रडली, मित्रांनो.