टॅग कोणाच्या सहीने निघाला

त्या मंगळवारी बाबांनी सकाळी दोनदा चहा घेतला. त्या दिवसात वेगळं म्हणावं असं एवढंच होतं. दुसरा कप आईने कुरकुरत पुढे केला.

"साखर वाढली की डॉक्टर माझ्याच अंगावर येतोय," ती म्हणाली. "तुम्ही बसता गुमान, जसं काही मीच चमच्यानं भरवते."

बाबा खिडकीत उभे होते, समोरच्या चौदा नंबरच्या खांबाकडे बघत.

रावेतच्या अलीकडे आमची कॉलनी. गल्लीत दिव्याचे सतरा खांब. चौदावा बरोबर आमच्या फाटकासमोर. जूनमध्ये एक भटकं कुत्रं त्याला अंग घासायला गेलं आणि तिथेच आडवं झालं. लोक म्हणाले, म्हातारं होतं. बाबांनी टेस्टर लावून पाहिला तर टेस्टरचा दिवा लागला.

चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं होतं. धाराशिवकडून आले तेव्हा हेल्पर होते, निवृत्त झाले तेव्हा तपासणी विभागाचे प्रमुख. तिथला नियम असा की बिघडलेल्या मालाला लाल टॅग बांधायचा. टॅग बांधला की त्या मालाला कोणी हात लावायचा नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही. दुरुस्ती व्हायची, पुन्हा तपासणी व्हायची, टॅगवर सही व्हायची आणि मगच टॅग निघायचा. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळं घेऊन घरी येतात. बाबा कोऱ्या लाल टॅगांचा एक गठ्ठा घेऊन आले. पंख्याला, गिझरला, एकदा आईच्या मिक्सरलाही तो टॅग लागला होता. आई त्याला चिठ्ठी म्हणायची.

रबरी हातमोजे घालून, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून त्यांनी चौदा नंबरला टॅग बांधला. ठळक अक्षरांत लिहिलं: "करंट उतरतो. हात लावू नये. तपासणी बाकी." खाली सही, उ. गो. सोळुंके.

मग तक्रार केली. बाबांचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे ॲपवर तक्रार मी टाकली. तक्रार त्यांची, मोबाइल नंबर माझा. दोन महिने तिच्यापुढे "प्रक्रियेत आहे" असं दिसत राहिलं.

त्या मंगळवारी पावणेबारा वाजता मी माण गावाजवळच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये होते. फोन वाजला.

"मॅडम, लाइट खात्यातून गणराज बोलतोय. तुमची खांबाची कंप्लेंट होती ना? एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

"काम झालं का?" मी विचारलं.

"होऊन जातंय ताई. आज क्लोज नाही झाली तर वर लाल दिसते, आमचा खाडा धरतात. सांगा ना प्लीज."

समोर पडद्यावर माझीच स्लाइड होती आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी चार आकडे वाचून दाखवले. फोन ठेवला. वीस सेकंदंही लागली नसतील.

संध्याकाळी घरी आले तर बाबा फाटकात.

"तनू, टॅग निघालाय गं. दुपारी कोण आलतं?"

"मी झोपले होते," आतून आई.

"फोन आला होता मला," मी म्हणाले. चप्पल काढत होते, वर बघितलंही नाही. "झालं काम. तक्रार बंद झाली."

"सही कुणाची?"

"असेल कुणाचीतरी, बाबा."

ते हसले. खूश झाले होते. "काढला म्हणजे बघूनच काढला असणार. बघितल्याबिगर टॅगला कोण हात लावतंय? सुतळी तेवढी तशीच लोंबत ठेवलीय बेण्यांनी. उद्या काढतो सकाळी." रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. माझ्या ताटातली मिरची उचलून, "ऑफिसात लई गोड बोलावं लागतंय ना, ही खात जा," असं म्हणाले.

रात्रभर पाऊस होता. सकाळी साडेसहाला ते सुतळी सोडवायला गेले.

पुढचं मी लिहिणार नाही. शेजारच्या लक्ष्मणरावांनी लाकडी पाटाने ढकलून त्यांना खांबापासून सोडवलं, एवढं पुरे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चौदा नंबरच्या खांबाला फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. बाबांचा फोटो आधार कार्डाएवढा, आणि वर आमचे नगरसेवक दादासाहेब हात जोडून, चारपट मोठे. फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचाच असावा. चेहऱ्यावरचं हसू कापायचं राहून गेलं होतं.

मी पुष्कळ वाचते. मरणाबद्दल, मागे राहिलेल्यांबद्दल वाचलेलं होतं. त्या पुस्तकांत लोक रडत, प्रवासाला जात, जुनी पत्रं काढून वाचत. ओटीपी दिलेलं कोणी मला भेटलं नाही.

आई रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि समोर खांबाकडे बघून म्हणायची, "ज्यानं ती चिठ्ठी काढली, त्याच्या घरात दिवा लागू नये." मी त्याच घरात बसून ते ऐकायचे. एकदा तोंड उघडलं होतं मी. ती म्हणाली, "काय गं?" मी म्हणाले, "वरणाला फोडणी देऊ का?"

पाचव्या आठवड्यात लक्ष्मणराव आले. ते बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा.

"सोमवारी जनसंवाद सभा आहे. नगरसेवक, साहेब लोक, सगळे समोर बसतात. नागरिकांनी प्रश्न विचारायचे. तनुजा, तू विचार. मी विचारलं तर मारामारी होईल."

"विचार," आई म्हणाली. "मी पण येते."

काय विचारायचं ते मी एका कोऱ्या लाल टॅगवर लिहिलं. लाल टॅग कोणाच्या सहीने काढला? बाबांनी हेच विचारलं असतं. उत्तर मला माहीत होतं. त्यांच्याकडे ते नसेल, अशी माझी खात्री होती. खांबाची फाइल हरवली असेल, कोणालाच काही सांगता येणार नाही, लोक ओरडतील, आई थोडी निवेल. ती खात्री नसती तर मी गेले नसते, हे आता लिहायला हरकत नाही.

पालिकेच्या कार्यालयात सभागृहाच्या दाराशी टोकन मिळालं. एकोणीस नंबर. प्रत्येकाला दोन मिनिटं, संपली की टेबलावरची घंटी. स्टेजवर मध्ये दादासाहेब, शेजारी विद्युत विभागाचे उपअभियंता, पुढ्यात लॅपटॉप. आधी दादासाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कशाबद्दल ते निवेदकालाही नीट सांगता आलं नाही.

सात नंबरच्या बाई उठल्या. "दादा, पाणी एक दिवसाआड सोडता, आमचं काही म्हणणं नाही. पण आडवा दिवस कोणता ते तरी सांगत जा. आम्ही रोजच बादल्या लावून बसतो."

सगळे हसले. दादासाहेबही हसले. "ताई, बादल्या भरलेल्या असल्या की घरात लक्ष्मी ऱ्हाते." घंटी वाजली. बाई उभ्याच राहिल्या, तरी दहा नंबरपर्यंत कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"एकोणीस. सोळुंके."

मी माइकपाशी गेले. दादासाहेब अर्धवट उठले. "ताई, तुमी कशाला रांगेत थांबला? उद्धवराव म्हंजी आमच्या घरचा माणूस. आमी सोता फ्लेक्स लावलाय."

"त्याच खांबाला लावलाय दादा," मागून लक्ष्मणराव. "शिडी लावून. तेव्हा नाही कोणाला शॉक बसला!"

उपअभियंता माइक ओढून म्हणाले, "तेव्हा लाइन बंद केलेली होती."

"म्हणजे बंद करता येत होती," लक्ष्मणराव म्हणाले.

 मग निवेदकाने "कृपया टोकनधारकांनीच बोलावं" अशी सूचना केली.

मी टॅगवरून वाचलं. "माझ्या वडिलांनी खांबाला धोक्याचा लाल टॅग बांधला होता. एकवीस ऑगस्टला तो काढला गेला. दुरुस्ती न करता. तो कोणाच्या सहीने काढला, एवढंच मला विचारायचं आहे."

उपअभियंत्यांनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं. त्यांना वेळ लागला नाही. पडदा उजळला. चौदा नंबरच्या खांबाचा फोटो, टॅग नसलेला, सुतळी लोंबणारी. शेजारी मजकूर.

"हे पाहा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "आमच्याकडे सगळं रेकॉर्ड आहे. एकवीस तारीख, अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. नागरिकाचा ओटीपी प्राप्त. नागरिक समाधानी. पाच तारे. ओटीपीशिवाय आमची सिस्टिम तक्रार बंदच करत नाही, मॅडम."

नंबराचे शेवटचे तीन आकडे पडद्यावर होते. माझे. आई पहिल्या रांगेत पडद्याकडे बघत होती. इंग्रजी आकडे तिला वाचता येतात, पण माझा नंबर तिला पाठ नाही. फोनमध्ये माझा फोटो आहे, तो ती दाबते.

"खोटं आहे हे!" लक्ष्मणराव उठले. "मेलेल्या माणसाच्या नावावर पाच तारे? ओटीपी यांनीच परस्पर टाकला!"

"फेक आहे, फेक!" मागच्या रांगा ओरडू लागल्या. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

दादासाहेबांनी सभागृहाचा अंदाज घेतला. हात वर केला. "थांबा. थांबा म्हनलं ना! साहेब, ही तक्रार बंद कुनी केली? नाव सांगा."

"कंत्राटी कर्मचारी आहे, सर. गणराज."

"हाय का हितं?"

तो दारापाशी उभा होता. फोनवरच्या आवाजावरून मी त्याला तरुण समजले होते. पंचेचाळिशीचा असेल, कानांवरचे केस पांढरे, खात्याचं जॅकेट खांद्यावर उसवलेलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय रं, ओटीपी कुटनं आनला?"

"दादा, मी फोन केला होता. ताईंनीच मला..." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे. आईचं कपाळ मोकळं होतं. तो जॅकेटची चेन वरखाली करत राहिला.

"बोल की!"

"चूक झाली, दादा."

"झाली ना? मग उद्यापास्नं येऊ नगंस." दादासाहेब लोकांकडे वळले. "आमी न्हाई कुनाला पाठीशी घालत. माऊलींच्या देखत सांगतो, न्याय झाला!"

टाळ्या पडल्या. खऱ्या, जोरात. उपअभियंत्यांनीही दोन वाजवल्या. तक्रार दोन महिने ज्यांच्या टेबलावर पडून होती, त्यांना कोणी काही विचारलं नाही. लॅपटॉप मिटला गेला आणि निवेदकाने वीस नंबर पुकारायला तोंड उघडलं.

आई उठून उभी राहिली होती. तिने दादासाहेबांना हात जोडले. "देवासारखं केलंत," ती म्हणाली. मग गणराजकडे वळली आणि रोज संध्याकाळचं ते वाक्य म्हणू लागली, "ज्यानं चिठ्ठी काढली त्याच्या घरात..."

"आई, थांब."

माइक चालूच होता. माझा आवाज सगळीकडून परत आला.

"ओटीपी मी दिला." पुढे काय बोलायचं हे मी पाच आठवड्यांत एकदाही मनात जुळवलं नव्हतं. "नंबर माझा आहे. यांनी मागितला, मी दिला. काम झालं नव्हतं हे यांना माहीत होतं. साहेब, दोन महिने ते तुम्हालाही माहीत होतं. तुमचं तुम्ही लिहून ठेवा, मला त्याचंही उत्तर पाहिजे. पण ओटीपी खोटा नाही."

घंटी वाजली. कोणी वाजवली ते दिसलं नाही.

आईचे हात अजून जोडलेलेच होते. मी माइक सोडून तिच्याकडे वळले, पण आवाज मोठाच राहिला.

"काम झालं का, एवढं मी विचारलं, आई, आणि उत्तर ऐकायला थांबले नाही. मीटिंग होती. घरी येऊन खांबाकडे पाहिलंही नाही. बाबांनी विचारलं, सही कुणाची, तर म्हणाले, असेल कुणाचीतरी. ती चिठ्ठी माझ्या सहीने निघाली. झालं म्हणून मीच सांगितलं त्यांना."